‘व्हिसेरा राखून ठेवला’ म्हणजे नेमकं काय? अंगात कोणतं औषध गेलं, हे प्रयोगशाळेत असं ठरतं

बीड : कापसावर, तुरीवर फवारणी करताना शेतकऱ्याला चक्कर येते, उलट्या होतात, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर होतो. अशा मृत्यूच्या बातमीत शेवटची ओळ ठरलेली असते, ‘व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे.’

या ओळीचा गावात दोन प्रकारे अर्थ लावला जातो. काहींना वाटतं, पोलिसांना कुणाचा तरी संशय आहे. काहींना वाटतं, आता रिपोर्ट आला की काय घडलं ते सगळं कळेल. दोन्ही समज पूर्ण खरे नाहीत. प्रयोगशाळा शरीरात कोणतं रसायन होतं ते सांगते, आणि ते बऱ्याच खात्रीने सांगते. पण ते शरीरात कसं गेलं, हे ती सांगत नाही. सानुग्रह अनुदानाचा प्रस्ताव, पोलिसांचा तपास आणि पुढे कधी न्यायालयातला दावा, हे सगळं या फरकावर अवलंबून असतं. त्यामुळे हा रिपोर्ट कसा तयार होतो, हे शेतकरी कुटुंबाने समजून घेणं गरजेचं आहे.

व्हिसेरा कुठे जातो?

संशयास्पद किंवा अचानक मृत्यू झाला की पोलीस ‘आकस्मिक मृत्यू’ची नोंद करतात. पूर्वी ही चौकशी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. इन्क्वेस्ट पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं आणि विषाची शंका असेल तर डॉक्टर शरीराच्या आतल्या काही अवयवांचे भाग काढून ठेवतात. त्यालाच व्हिसेरा म्हणतात.

यात साधारणपणे जठर आणि त्यातला ऐवज, लहान आतड्याचा तुकडा, यकृताचा भाग, दोन्ही मूत्रपिंडांचे भाग आणि रक्त असतं. अवयव सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही इतक्या खारट पाण्यात ठेवतात. शरीराचे भाग टिकवण्यासाठी फॉर्मेलिन सगळ्यांना माहीत आहे, पण विषाच्या तपासणीसाठी ते वापरत नाहीत, कारण त्यामुळे विष वेगळं काढणं अवघड होतं. बरण्यांना सील लावलं जातं. वापरलेल्या मीठपाण्याचा नमुनाही वेगळ्या बाटलीत सोबत जातो. विष त्या पाण्यातूनच आलं, असं उद्या कुणी म्हणू नये यासाठी ही खबरदारी.

पोलीस हा मुद्देमाल राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोहोचवतात. संचालनालयाचं मुख्यालय मुंबईत कलिना येथे आहे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. तिथून येणाऱ्या कागदाला पोलीस ठाण्यात ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, म्हणजे रासायनिक विश्लेषण अहवाल.

औषध एक, नावं अनेक

कृषी सेवा केंद्रात औषध ब्रँडच्या नावाने मागितलं जातं. एकच रसायन अनेक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात, आणि एकाच बाटलीत दोन रसायनंही असू शकतात. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीन हे कापसावरचं मिश्रण त्याचंच उदाहरण. शिवाय शेतकरी स्वतः पंपात दोन-तीन औषधं एकत्र करतो, त्यात कधी टॉनिकही टाकतो.

प्रयोगशाळेत बरणीतून ब्रँड सापडत नाही, रसायन सापडतं. ही बहुतेक कीटकनाशकं सेंद्रिय संयुगं आहेत. इथे ‘सेंद्रिय’ म्हणजे सेंद्रिय शेतीतलं सेंद्रिय नव्हे. रसायनशास्त्रात कार्बनच्या सांगाड्यावर बनलेल्या पदार्थाला सेंद्रिय संयुग म्हणतात. अडचण अशी की यकृत, रक्त, पोटातलं अन्न यातही हजारो सेंद्रिय संयुगं असतात. त्या गर्दीतून कीटकनाशकाचा अत्यल्प अंश शोधायचा असतो.

आधी वेगळं करायचं

पहिलं काम असतं विष ऊतींतून बाहेर काढण्याचं. नमुना बारीक करून योग्य द्रावकात हलवतात, म्हणजे कीटकनाशक द्रावकात उतरतं आणि बरंचसं मांस-चरबी मागे राहते. ही कल्पना जुनी आहे. १८५० मध्ये बेल्जियममधल्या एका खून खटल्यात झाँ स्टास या रसायनशास्त्रज्ञाने मृताच्या अवयवांतून निकोटीन वेगळं काढून दाखवलं होतं. आजच्या पद्धतींचं मूळ तिथे आहे.

त्यानंतर अर्काची प्राथमिक चाचणी होते. पातळ थर लावलेल्या पट्टीवर अर्काचा थेंब ठेवून द्रावक वर चढू देतात. वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर थांबतात, आणि त्यावर रसायन फवारलं की रंगीत ठिपके उमटतात. विष कोणत्या गटातलं असावं, याचा अंदाज यातून येतो. नाव पक्कं करण्यासाठी मात्र मोठं यंत्र लागतं.

त्याला जीसी-एमएस म्हणतात, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर यांची जोडी. पहिल्या भागात भट्टीसारख्या पेटीत साधारण ३० मीटर लांबीची, केसासारखी बारीक नळी गुंडाळलेली असते. अर्काची वाफ हेलियमसारख्या वायूबरोबर या नळीतून सोडतात. आतल्या लेपाला चिकटत-सुटत प्रत्येक पदार्थ आपापल्या चालीने पुढे सरकतो. सगळे एकाच वेळी आत शिरतात, पण बाहेर पडताना मागेपुढे होतात. कुणी आठव्या मिनिटाला, कुणी पंधराव्या. पंपात तीन औषधं मिसळलेली असली तरी ती सुटी होतात ती इथेच.

मग तोडून मोजायचं

नळीतून बाहेर पडलेला पदार्थ मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये शिरतो. तिथे त्याच्या रेणूंवर इलेक्ट्रॉनचा मारा होतो. रेणूवर विद्युतभार येतो आणि बरेचसे रेणू तुटतात. हे भारित तुकडे विद्युतक्षेत्रातून जाताना वजनानुसार वेगळे होतात. धान्य उफणताना वाऱ्याने भुसा लांब जातो आणि दाणा जवळ पडतो, तसाच काहीसा हा प्रकार. इथे वाऱ्याचं काम विद्युतक्षेत्र करतं आणि वेगळं करायचं असतं रेणूंच्या तुकड्यांना.

कोणत्या वजनाचे तुकडे किती आले, याचा आलेख यंत्र काढतं. त्याला मास स्पेक्ट्रम म्हणतात. उभ्या रेघांचा हा आलेख म्हणजे त्या रसायनाची अंगठ्याची खूणच.

नुसतं वजन मोजून भागत नाही, तुकडेही पाहावे लागतात. का, ते एका साध्या उदाहरणावरून कळतं. दारूतला इथेनॉल आणि डायमिथाइल इथर नावाचा वायू, दोन्हींत कार्बनचे २, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचा १ अणू. कार्बनचं वजन १२, हायड्रोजनचं १ आणि ऑक्सिजनचं १६ धरलं की दोन्हींचं वजन भरतं ४६. तराजूवर हे दोघे एकच. पण अणूंची जोडणी वेगळी असल्याने ते तुटतात वेगळ्या ठिकाणी. इथेनॉलच्या आलेखात सर्वांत उंच रेघ ३१ वर येते, इथरच्या आलेखात ४५ वर. रेणू जिथे जोड कमकुवत तिथे तुटतो, आणि इलेक्ट्रॉनचा मारा ठरावीक जोराचा ठेवला की दरवेळी जवळपास तसाच तुटतो. त्यामुळे एका प्रयोगशाळेतला आलेख दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या आलेखाशी ताडून पाहता येतो.

कापसाच्या औषधांची खूण

अनेक कीटकनाशकांत क्लोरीन किंवा ब्रोमीन असतं, आणि ते लपत नाही. निसर्गात क्लोरीनचे अणू दोन वजनांचे मिळतात, ३५ आणि ३७, साधारण तीनास एक या प्रमाणात. ब्रोमीनचे ७९ आणि ८१ वजनाचे अणू मात्र जवळपास निम्मे-निम्मे असतात. म्हणून ज्या तुकड्यात हे अणू असतील, त्याच्या आलेखात दोन-दोनच्या अंतराने जोडरेघा उमटतात.

प्रोफेनोफॉसच्या रेणूत एक क्लोरीन आणि एक ब्रोमीन आहे. त्याच्या अख्ख्या रेणूच्या रेघा ३७२, ३७४ आणि ३७६ वर, साधारण ३:४:१ या उंचीच्या येतात. क्लोरीन गळून पडलं की उरलेल्या तुकड्याच्या ३३७ आणि ३३९ या दोन रेघा जवळपास सारख्या उंचीच्या दिसतात. त्या पाहून ‘यात ब्रोमीन आहे’ हे जाणकाराच्या लगेच लक्षात येतं.

क्लोरपायरीफॉसमध्ये तीन क्लोरीन आहेत. त्याचा १९७ आणि १९९ वरचा जोड तुकडा ओळखीचा. शरीरातही हे औषध मोडतं ते याच सांध्यावर. यकृतात त्याचे तुकडे होतात आणि १९७ वजनाचा क्लोरीनवाला भाग लघवीतून बाहेर पडतो. मूळ औषध संपलं तरी लघवीत त्याचा माग राहू शकतो, तो असा.

नाव जुळलं म्हणजे झालं का?

आलेख मिळाला की संगणक तो साठवलेल्या संग्रहाशी जुळवून पाहतो. अमेरिकेतल्या ‘निस्ट’ संस्थेच्या संग्रहात तीन लाखांहून अधिक संयुगांचे आलेख आहेत. संगणक ‘हे अमुक असावं’ असं सुचवतो आणि किती जुळलं तेही दाखवतो. पण तेवढ्यावर नाव पक्कं करणं धोक्याचं.

मोनोक्रोटोफॉसचंच पाहा. त्याचं वजन २२३ आणि सर्वांत ठळक तुकडा १२७ चा. पण डायक्रोटोफॉस या त्याच्या भावंडाचाही ठळक तुकडा १२७ चाच आहे, कारण दोघांच्या रेणूतला तो भाग सारखा आहे. एका रेघेवरून नाव ठेवलं तर चूक होऊ शकते. म्हणून बाकीचे तुकडे, त्यांचं आपसातलं प्रमाण आणि नळीतून बाहेर पडायला लागलेला वेळ, हे सगळं पाहतात. शुद्ध मोनोक्रोटोफॉसचा नमुना त्याच यंत्रात, त्याच पद्धतीने चालवायचा. वेळही जुळली आणि तुकडेही जुळले, तर ओळख पक्की.

सगळीच औषधं या यंत्रात चालत नाहीत. पॅराक्वाट, ग्लायफोसेट यांसारख्या तणनाशकांची सरळ वाफ होत नाही. त्यांच्यासाठी द्रवातून वेगळं करणारं एलसी-एमएस यंत्र वापरावं लागतं. म्हणजे काय शोधायचं याचा अंदाज आधी असेल, तर योग्य पद्धत निवडता येते. पोलिसांच्या पत्रात औषधाचं नाव असणं, पंचनाम्यात बाटली असणं इथे उपयोगी पडतं.

‘विष आढळले नाही’ याचा अर्थ

काही वेळा रिपोर्ट येतो, ‘विष आढळले नाही.’ कुटुंबाच्या पायाखालची जमीन सरकते. डोळ्यांदेखत माणूस फवारणी करून आला, तोंडाला फेस आला आणि कागद म्हणतो काहीच नाही!

या शब्दांचा अर्थ ‘विषबाधा झालीच नाही’ असा होत नाही. रुग्ण दवाखान्यात आठ-दहा दिवस उपचार घेऊन दगावला असेल, तर तोपर्यंत पोट धुतलेलं असतं, औषध शरीरात मोडलेलं असतं, लघवीवाटे गेलेलं असतं. मृत्यू त्या औषधाने केलेल्या इजेमुळे होतो, पण शवविच्छेदनावेळी औषध स्वतः तिथे नसतं. नमुना उशिरा पोहोचणं, नीट न टिकणं, प्रमाण यंत्राच्या पकडीखाली असणं, ही आणखी कारणं. म्हणूनच दवाखान्यातले केसपेपर, लक्षणांच्या नोंदी आणि उपचारांचा तपशील यांचं महत्त्व रिपोर्टइतकंच आहे.

यावर उपाय पहिल्या दिवशीच असतो. पोट धुताना निघालेलं पहिलं पाणी, दाखल करतानाचं रक्त आणि लघवी यांत औषध सापडण्याची शक्यता सर्वाधिक. असे नमुने वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणात सील करून पोलिसांकडे देण्याची पद्धत आहे. ते राखून ठेवले का, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना नम्रपणे विचारायला हरकत नाही.

डॉक्टर रिपोर्टसाठी थांबत नाहीत

बीडचं जिल्हा रुग्णालय असो की अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, विषबाधेचा रुग्ण आला की उपचार लक्षणांवरून सुरू होतात. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, लाळ गळणं, घाम, छातीत घरघर ही ऑरगॅनोफॉस्फरस गटाची लक्षणं. त्यावर अ‍ॅट्रोपीन आणि पॅम दिलं जातं. रक्तातल्या कोलिनएस्टरेज या द्रव्याची पातळी घसरलेली दिसली की गटाचा संशय बळावतो. पण ही चाचणी गट सांगते, नेमकं औषध सांगत नाही.

शिवाय प्रत्येक कीटकनाशक या गटातलं नसतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जणांचा जीव गेला. त्या वेळी चर्चेत आलेल्या औषधांत प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांच्याबरोबर डायफेन्थियुरॉनही होतं. डायफेन्थियुरॉन ऑरगॅनोफॉस्फरस गटातलं नाही आणि त्यावर ठरावीक उतारा नाही. पुढे २०२० मध्ये काही पीडित कुटुंबांनी थेट स्वित्झर्लंडमध्ये सिंजेंटा कंपनीविरुद्ध दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली. एखाद्या माणसाच्या शरीरात नेमकं कोणतं रसायन गेलं, हा प्रश्न गावच्या शिवारातून परदेशातल्या न्यायालयापर्यंत जाऊ शकतो, हे त्या प्रकरणात दिसलं.

यंत्र जे सांगत नाही

रिपोर्टमध्ये ‘मोनोक्रोटोफॉस आढळले’ असं लिहून आलं, तरी ते वाऱ्याने नाकातोंडात गेलं, गळक्या पंपामुळे पाठीवरून कातडीत मुरलं, चुकून पोटात गेलं की कुणी दिलं, हे आलेखाच्या रेघांत नसतं. जठरात जास्त आणि इतरत्र कमी असेल तर तोंडावाटे गेल्याचा तर्क करता येतो. हेतू मात्र कोणत्याही यंत्रात मोजता येत नाही.

आणि शासकीय मदतीत मुद्दा नेमका तोच असतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी वारसांना २ लाख रुपये मिळतात. कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा या योजनेत अपघात धरली जाते, आणि अशा प्रस्तावाला पंचनामा व शवविच्छेदन अहवालासोबत व्हिसेरा अहवाल लागतो. आत्महत्या या योजनेत बसत नाही. कर्जबाजारीपणा, नापिकीमुळे झालेल्या शेतकरी आत्महत्येसाठी १ लाख रुपयांची मदत वेगळी आहे आणि ती जिल्हास्तरावरच्या समितीकडून ठरते. रसायन तेच, रिपोर्टही तोच, पण निर्णय दोन वेगळे.

तो फरक ठरवणारा पुरावा शिवारात असतो. त्या दिवशी फवारणी चालू होती का, पंप कुठे होता, अंगावरचे कपडे भिजलेले होते का, सोबत कोण होतं, औषध कधी आणलं, हे पंचनाम्यात आणि जबाबात आलं तरच रिपोर्टला अर्थ येतो.

कुटुंबाने काय लक्षात ठेवावं?

- विषबाधेची शंका येताच १०८ वर फोन करा. अंगावरचे भिजलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा. घरगुती उपायांत वेळ घालवू नका.
- औषधाची बाटली किंवा पाकीट लेबलसह दवाखान्यात न्या. दोन-तीन औषधं मिसळली असतील तर सगळी न्या. डॉक्टरांना ब्रँडच्या नावाबरोबर लेबलवरचं रसायनाचं नाव दाखवा.
- बाटली धुऊ नका, फेकू नका. पोलीस आले की पंचनाम्यात तिची नोंद करायला सांगा. पंप आणि कपडेही जागेवर राहू द्या.
- दुकानाची पावती जपून ठेवा. त्यावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर आहे का ते खरेदी करतानाच बघा.
- जबाब देताना जे घडलं तेच, घडलं तसंच सांगा. ऐकीव गोष्ट घालू नका.
- अनुदानाच्या अर्जाला मुदत असते. व्हिसेरा अहवाल आला नाही म्हणून घरी बसू नका. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लगेच चौकशी करा आणि अहवाल प्रलंबित असल्याचं लेखी कळवा.
- व्हिसेरा प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने गेला, हे पोलीस ठाण्यातून लिहून घ्या. पाठपुराव्याला तोच क्रमांक लागतो.

घरातलं कुणी खचलेलं, एकटं पडलेलं दिसत असेल, तर फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि त्या माणसाशी बोला. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तो रात्रीही चालू असतो.